गेरूनं आखलेलं घर

हौसाकाकूंनी नव्या घरात पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर भिंतीत खिळा ठोकला. दूध उतू घालायच्या आधी, देव मांडायच्या आधी. सामानाचा टेम्पो खाली उभाच होता आणि ह्या बाई कमरेला पदर खोचून, हातात वरवंटा घेऊन हॉलच्या भिंतीसमोर उभ्या. आम्हीही त्याच आठवड्यात समोरच्या घरात राहायला आलेलो. ओळख ना पाळख, मी आपली माझ्या दारातनं बघत होते. त्या माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "वैनी, सगळा जलम भाड्याच्या खोलीत काढला बगा. खिळा मारायचा म्हणलं तरी मालकाला इचारायचं. आज कुनालाच इचारायचं न्हाय."

आणि ठोकला की हो! खिळा आत गेला आणि त्याच्याभोवतीचा ताटाएवढा गिलावा सुटून त्यांच्या पायाशी पडला. मागं उघड्या विटा, आणि वरनं भुरुभुरु रेती.

मी असते तर तिथंच खाली बसले असते. काकूंनी वाकून एक तुकडा उचलला, अंगठ्यानं चुरला, वास घेतला. "सिमिट नुसतं वासाला घातलंय," म्हणाल्या, आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की खालच्या मजल्यावरची माणसं वर बघायला आली.

ही आमची पहिली भेट. जुळे सोलापुरातल्या त्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर, त्यांचं दार आणि माझं दार समोरासमोर. बेल त्यांनी कधी वाजवली नाही. आमच्या बेलला हात लावला की झिणझिण्या यायच्या, म्हणून त्या कोपरानं दार वाजवायच्या. एका हातात काहीतरी झाकलेली वाटी असायचीच. आवाज असा की साधं "मीठ हाय का" विचारलं तरी जिन्यातनं घुमायचं. त्यालाही कारण होतं. आयुष्यभर त्यांनी शहरात खानावळ चालवली. भरल्या पंगतीत ह्या टोकाचं त्या टोकाला ऐकू गेलं पाहिजे, अशी त्यांच्या गळ्याला सवय. मूळच्या त्या सांगोल्याकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. कॉलेजची पोरं, मागावरचे कामगार, कचेरीतले एकटे राहणारे कारकून, सगळे त्यांच्याकडं जेवायला. सगळे त्यांना मावशी म्हणायचे. खानावळीची जागा दोन वेळा बदलावी लागली, दोन्ही वेळा मालकानं उठवलं म्हणून. ते सांगताना मात्र त्यांचा आवाज खाली यायचा. तेवढ्या एकाच गोष्टीला.

खानावळीचा त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी घरातही सोडला नाही. पंगतीतनं मधेच उठायचं नाही. शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत सगळ्यांनी बसून राहायचं. आमचे हे एकदा त्यांच्याकडं जेवताना फोन आला म्हणून उठायला लागले. "भावजी, फोन काय पळून चाललाय व्हय? बसा." हे बसले. बँकेत मॅनेजरला न ऐकणारा माणूस हो, गुमान बसला.

आता हे घर त्यांनी घेतलं कसं, ते सांगते. आमच्या भागात एक चूक पुष्कळांनी केली आहे. घर बघायला जातो आणि बिल्डरचं गाव विचारून परत येतो. गाव आपल्याकडचं निघालं, मामाच्या गावाशेजारचं निघालं, की संपलं, मग कुणी नळ सोडून बघत नाही की खिडकी लावून बघत नाही. काकूंचं तर त्याच्याही पुढं. बिल्डरचं नाव मी घेत नाही. मोडनिंबकडचा मुलगा, शिकायला सोलापुरात आला तेव्हा काकूंच्याच खानावळीत जेवायचा. "माज्या हातची भाकर खाल्ल्यालं पोरगं. मला कशाला फसवंल?" एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी जन्माची पुंजी ओतली.

आणि मग एकेक निघायला लागलं. न्हाणीघराचा उतार उलटा, पाणी मोरीकडं न जाता उंबऱ्याकडं यायचं. स्वयंपाकघराची खिडकी लावली की उघडायची नाही आणि उघडली की लागायची नाही. पण ह्या सगळ्याचं आम्ही हसून घेतलं असतं. खरं दुखणं वेगळंच होतं. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येतं, त्या दिवशी सगळं शहर पाणी भरतं. आमच्या गच्चीवरची टाकी भरली की ती उतू जायची, ते पाणी गच्चीवर साठून राहायचं, कारण गच्चीचाही उतार उलटा. मग दुपारपर्यंत आमच्या छतातनं टपटप सुरू. नव्या घराच्या छतातनं! पाणी नसलेल्या शहरात आमच्या डोक्यावर तेवढं पाणीच पाणी.

ह्यावर इमारतीतल्या लोकांनी काय केलं असेल? झाकलं. नव्या घरात ओल आली हे सांगायची आपल्याकडं लाज वाटते. पाहुणे म्हणणार, बघून घेता येत नव्हतं? मग कुणी कॅलेंडर लावलं, कुणी प्लॅस्टिकच्या वेली सोडल्या. आमच्या ह्यांनी ओलीवर हरणांचं भलंमोठं चित्र लावलं. ओल वाढून हरणांच्या बाहेर आली, तेव्हा शेजारी सूर्यास्त आणून लावला.

काकू एकदा आमच्याकडं आल्या, हरणं बघितली, सूर्यास्त बघितला, आणि चित्र एका बाजूनं उचलून मागं डोकावल्या. म्हणाल्या, "लपिवताय कशाला? चोरी आपन केली व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातनं गेरू आणला. वाटीत कालवला, काडीला कापूस गुंडाळला आणि स्टुलावर चढून घरातल्या प्रत्येक ओलीभोवती, प्रत्येक भेगेच्या कडेनं ठसठशीत तांबडी रेघ ओढली. ओल वाढली की बाहेरनं दुसरी रेघ. मग तिसरी. होता होता त्यांचं घर असं दिसायला लागलं, जणू कुणी भिंतींवर गावांचे नकाशे काढलेत. कुणीही आलं, पोस्टमन का असेना, की काकू हात धरून फिरवायच्या. "ही माजी झोपायची खोली, ही तिची ओल. ही आल्यापासूनची, ही संक्रांतीनंतरची. आनि ही भेग बगा, ही रोज चालती, आता खिडकीला भेटायला निगालीय." नवं घर दाखवताना बायकांच्या तोंडावर जो आनंद असतो ना, तोच आनंद. मला आधी वाटलं, बाईचं डोकं फिरलं. मग लक्षात आलं, त्या घरात फक्त एकाच माणसाला लाज वाटायची बाकी होती, आणि तो तिथं राहत नव्हता.

त्यांचा भाऊ मेंढरं घेऊन चरायला निघालेला, वाटेत बहिणीचं नवं घर बघायला आला. खांद्यावर घोंगडं, डोक्याला मोठं मुंडासं. सगळं घर फिरून बघितलं. चहा पिऊन झाल्यावर छताकडं बघत म्हणाला, "आक्के, आमचं पाल हाय की माळावर. तेबी असं गळत न्हाय."

काकू हसून हसून खाली बसल्या. डोळ्याला पाणी आलं त्यांच्या. "मग ने मला पालात," म्हणाल्या. तो म्हणाला, "चल की." त्या एकदम थांबल्या. "न्हाय," म्हणाल्या, "हे माजं हाय."

बिल्डरचा सुपरवायझर होता, महेश. अर्धं टक्कल पडलेला, तोंडावर सदा हसू, कामाचा पत्ता नाही. तक्रार केली की तो यायचा, पण नेमका कोरड्या दिवशी. छताखाली उभा राहून वर बघायचा, "कुठं गळतंय काकू? दिसत नाही की!" पाण्याच्या दिवशी ये म्हटलं, की त्या दिवशी त्याचं दुसऱ्या साइटवर काम. एकदा त्यानं परस्पर रंगारी पाठवून दिला, पांढऱ्या रंगाचा डबा आणि भेगा बुजवायची लांबी घेऊन. सांगितलं होतं की सगळं पुसून पांढरं करून ये. काकूंनी त्या रंगाऱ्याला आत घेतलं, पोहे दिले, चहा दिला, गावाकडची विचारपूस केली. तो डबा उघडायला लागला, तसा त्यांनी झाकणावर हात ठेवला. "तुजं काम चांगलं आसंल बाबा. पन ओलीवर रंग लावायचा न्हाय. जा, म्हेशाला सांग, काकूनी डबा परत दिलाय, झाकन उगडल्यालं न्हाय." तो बिचारा पोटभर खाऊन परत गेला. असा दोनदा आला. तिसऱ्यांदा त्यानंच यायला नकार दिला. म्हणाला, काम न करता त्यांचं खायला मला कसंतरी होतं.

वास्तुशांत त्यांनी केली नव्हती. लोक विचारायचे. "वास्तू रडतीय अजून. शांत झाली की शांत घालू," असं सांगायच्या. पण मग एक दिवस कोपरानं दार वाजलं आणि काकू म्हणाल्या, "वैनी, पंगत घालतीय. सगळ्या बिल्डिंगीला. आपल्या बिल्डरसाहेबालाबी बोलीवलंय. येतो म्हणलाय, हुग्गी हाय म्हणल्यावर."

हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, आमच्याकडं जेवणावळीला असतेच. मी विचारलं, कधी? त्यांनी वार सांगितला. मी मनात हिशेब केला आणि त्यांच्या तोंडाकडं बघितलं. पाण्याचा दिवस. काकूंनी डोळासुद्धा मिचकावला नाही.

त्या दिवशी त्यांच्या हॉलमध्ये दोन्ही बाजूंनी सतरंज्या. केळीची पानं, शेंगाची चटणी, भाकरी, आमटी, भात, हुग्गीवर तुपाची धार. बिल्डर आला, पांढरा शर्ट, पाठीमागं महेश. भिंतींकडं बघून त्याचा चेहरा जरासा पडला, पण वाकून पाया पडला. "मावशी, तुमच्या हातचं जेवून किती वर्षं झाली!" काकूंनी त्याला मधोमध पाटावर बसवलं. मानाची जागा. सगळे सतरंजीवर आणि तो एकटा पाटावर.

पहिला थेंब पडला तो त्याच्या पानाच्या कडेला. त्यानं वर बघितलं. दुसरा हुग्गीत, तुपाच्या मधोमध. तो सरकायला लागला.

"सरकू नगो साहेबा," काकू वाढता वाढता म्हणाल्या, "पंगत मोडंल."

मग टपटप सुरूच झालं. आमटीत, भातावर, त्याच्या खांद्यावर. महेशनं उठून त्याच्या डोक्यावर स्वतःचा हात आडवा धरला. "म्हेशा, बस. पंगतीतनं उठायचं नसतं." महेश बसला. सगळी पंगत माना खाली घालून जेवत होती, हसू दाबून आमच्या पोटात दुखायला लागलं होतं. बिल्डर मात्र उठला नाही. ती सवय त्याला खानावळीतलीच. ओला शर्ट घेऊन, मान वाकडी करून, पान संपवून तो बसून राहिला. काकू आणखी वाढायला आल्या. "पातळ झाली का रं? घट्ट वाढू?"

आमच्या ह्यांना राहवेना. ते म्हणाले, "काकू, पोरगं तुमच्या हातचं जेवून मोठं झालंय, त्याची आठवण करून द्या की त्याला."

काकूंनी पळी भांड्यात ठेवली. "न्हाय भावजी. जेवायचं त्यानं पैसं दिलं हुतं, म्या जेवू घातलं. ते तितंच मिटलं. त्यो कुटं माजा मिंदा हाय? जेवनाचा न् घराचा संबंध मी लावला, तीच माजी चूक झाली. आता न्हाय लावत. घर घेतलंय, घर पायजे. बास."

हात धुताना बिल्डर त्यांना बाजूला घेऊन हळूच काहीतरी बोलला. हळूच बोललेलं काकूंकडं टिकत नाही. त्या तिथनंच ओरडल्या, "ऐका हो! साहेब म्हंत्यात, तुमचं एकटीचं करून देतो, बाकीच्यान्ला सांगू नगा. गच्ची काय माज्या एकटीच्या डोक्यावर हाय व्हय?"

तेव्हा तो चिडला. एवढ्या लोकांत ओल्या शर्टानं उभा, चिडणारच. "मावशी, पटत नसेल तर घर परत द्या. तुमचे पैसे घ्या आणि दुसरीकडं बघा. मी विकतो दुसऱ्या कुणाला."

खरं सांगते, माझ्या मनात आलं, घ्यावेत काकूंनी. एकटी बाई, वय झालेलं, दम लागतो, कशाला हा जाच? काकूंनी पदरानं हात पुसले, एकेक बोट पुसलं.

"दुसऱ्याच्या डोस्क्यावर गळू दे म्हंतोस? आजपातूर दोन मालकांनी मला ऊठ म्हणलं, मी उठले. त्यांचं हुतं, त्यांचा हक्क हुता. हे माजं हाय. गळतंय, पडतंय, तरी माजं हाय. मी हितनं उठनार न्हाय साहेबा. तू गच्ची नीट करनार, न् मी खाली बसून बगनार."

तो निघून गेला. आणि काही झालं नाही. असं वाटतं ना की एवढ्यावर माणूस सुधारेल? नाही सुधारला. महेश यायचाही बंद झाला.

मग काकूंनी चहा पाजायला सुरुवात केली. शेजारच्याच मोकळ्या जागेवर त्याच बिल्डरची दुसरी इमारत उभी राहत होती. रविवारी लोक घरं बघायला यायचे. काकू फाटकाजवळ खुर्ची टाकून शेंगा निवडत बसायच्या. कुणी जोडपं गाडीवरनं उतरलं की, "लांबनं आलात जनू? उन्हाचं आलाय, चला की वर, पानी तरी प्या." बिल्डरबद्दल एक शब्द वाईट बोलायच्या नाहीत. वर आणायच्या, चहा द्यायच्या आणि आपलं घर दाखवायच्या, हौसेनं, खोली खोली. नातेपुत्याचे एक गुरुजी आणि त्यांच्या मिसेस आल्या होत्या. बाईंनी छताकडं बघितलं, त्या तांबड्या रेघांवरनं नजर फिरवली आणि विचारलं, "हे किती दिवसांचं घर म्हणायचं?" काकू म्हणाल्या, "नवंच हाय की! साखर कमी न्हाय ना पडली?" ते दोघं खाली उतरले ते तडक गाडीवर बसून नातेपुत्याला.

असे किती गेले, मी मोजले नाहीत. पण एका दुपारी काकूंचा फोन वाजला, आणि मी तिथंच होते म्हणून ऐकलं. पलीकडनं तो ओरडत होता, "मावशी, तुम्ही माझं गिऱ्हाईक फोडताय!"

"म्या काय बोलले? एक शबूद सांग. नवं घर घेतलंय, लोकान्ला दाखवायचं न्हाय व्हय?"

पलीकडचा आवाज उतरला. मग त्यानं विचारलं, "काय करू म्हणता?"

"गच्ची," काकू म्हणाल्या, आणि फोन ठेवून शेंगा निवडायला लागल्या.

पुढं माणसं आली. सगळी गच्ची उखडली, उतार नीट केला, वॉटरप्रूफिंगचे थर दिले, टाकीचा नळ बदलला. काकू रोज खुर्ची घेऊन वर. गच्चीचा एवढासा जिना चढायला त्यांना अर्धा तास लागायचा तेव्हा, मधे मधे कठड्याला धरून उभ्या राहायच्या. छातीला हात लावायच्या. दवाखान्यात चला म्हटलं की म्हणायच्या, "गच्ची झाली की जाऊ."

त्याच सुमाराला मला लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला जावं लागलं. तिथंच एक दिवस ह्यांचा फोन आला. काकू दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. लेकीला एकटं सोडून मला निघता आलं नाही. भावानं येऊन सगळं केलं. इमारतीतल्या लोकांनी त्यांना त्यांच्या घरातनंच नेलं, एवढं मला ह्यांनी मुद्दाम सांगितलं.

म्हणून माझ्यापुरत्या काकू आहेत त्या मी निघायच्या आदल्या दिवशी बघितलेल्या.

काम संपलं होतं. गच्चीची परीक्षा घ्यायची म्हणून पाणी निघायच्या तोंडांना विटा-मातीचे बांध घालून, टँकर मागवून सगळ्या गच्चीत पाणी भरून ठेवलं होतं. टँकर बिल्डरचा, काकूंनी नळाचं पाणी वापरू दिलं नव्हतं. भर दुपार, सोलापूरचं ऊन, डोळे दिपत होते. खाली सगळे आपापल्या घरात माना वर करून छताकडं बघत उभे. आणि काकू वर, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, घोट्याच्या वर पाण्यात.

महेश दारातनं म्हणत होता, "काकू, बाहेर या, घसराल."

"घसरले तर तुज्याच गच्चीत पडंन. जातीय कुटं?"

बिल्डर पण आला होता, दाराशी बूट घालून उभा. काकूंनी त्याला हाक मारली. "बूट काड न् ये आत." त्यानं बूट काढले, पँट दुमडली आणि आला. दोघं पाण्यात शेजारी शेजारी उभे. "वैनी, जरा खाली जाऊन बगा की," त्या मला म्हणाल्या. मी खाली गेले, त्यांचं घर बघितलं, माझं बघितलं, खालच्यांनाही विचारून आले. धापा टाकत वर येऊन म्हटलं, "कोरडं आहे, काकू. सगळं कोरडं आहे."

बिल्डरनं सुस्कारा सोडला. "झालं मावशी? आता समाधान? महेश, फोड रे बांध, सोड पाणी."

"कोन सोडतंय पानी?" काकू गरजल्या. खाली रस्त्यावर ऐकू गेलं असेल. "आज कोरडं हाय. उद्याबी बगायचं. परवाबी बगायचं. हात लावायचा न्हाय कुनी."

आणि आमच्याकडं पाठ करून, लुगडं आणखी थोडं वर उचलून, त्या पलीकडच्या कोपऱ्याकडं चालत गेल्या, जिथं पाणी जास्त खोल होतं.